एकोणतीस कोऱ्या तारखा

मकसूद शिकलगारच्या तक्त्यात चूक सापडत नाही, हे खराडीतल्या त्याच्या कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना तो स्वतः सांगायचा. त्यामुळे सोमवारी सकाळी डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या खिडकीतून त्याचा तक्ता परत बाहेर आला, तेव्हा त्याला आधी वाटलं, आतल्या बाईंनी कागद उलटा धरला असावा.

"मधल्या तारखा कुठायत?" खिडकीमागच्या वासंतीबाईंनी विचारलं.

"मधल्या म्हणजे?"

"सात जुलैनंतर एकदम दहा जुलै. आठ आणि नऊ तुमच्या बिबवेवाडीत उजाडलेच नाहीत का?"

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मकसूदने कागद घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पाहिलं. खरंच, सातनंतर दहा होती. पंधरानंतर अठरा. खाली ऑगस्टमध्ये तर तारखा एस्टीत शिरणाऱ्या माणसांसारख्या एकमेकींना ढकलून पुढे गेल्या होत्या.

प्रकरण त्याच्या आईच्या उजव्या डोळ्याचं होतं. अमिनाबींचा मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनची तारीख पंधरा ऑक्टोबर मिळाली होती आणि त्यांना साखरेचा त्रास असल्यामुळे डॉक्टरांनी नव्वद दिवसांच्या उपाशीपोटीच्या साखरेचा तक्ता मागितला होता. मागितला डॉक्टरांनी, पण तपासायच्या वासंतीबाई. आणि त्यांच्या लेखी नव्वद दिवस म्हणजे नव्वद ओळी. मकसूदच्या कागदावर एकसष्ट ओळी होत्या.

"मॅडम, सरासरी बघा ना. एकशे चौदा आहे. इतकी सुंदर सरासरी तुम्हाला..."

"सरासरी डॉक्टर बघतात. मी ओळी मोजते. पुढचे या."

मकसूद बाजूला झाला. सतरा वर्षं तो बँकांचे, विमा कंपन्यांचे, परदेशातल्या कुठल्या कुठल्या दुकानांचे तक्ते काढत होता. लाखो ओळींच्या तक्त्याकडे बघून साहेब लोकांनी माना डोलावल्या होत्या. आणि आज एकोणतीस ओळींसाठी त्याला "पुढचे या" ऐकावं लागलं होतं. रिक्षात बसल्यावरही ते दोन शब्द त्याच्या शेजारीच बसले होते.

खरं म्हणजे साखरेची नोंद हा त्याच्या अभिमानाचा विषय होता. अमिनाबींनी रोज सकाळी बोटाला टोचायचं, यंत्रावरचा आकडा मोबाइलवर टाकायचा आणि तो आकडा मकसूदने स्वतः बांधलेल्या डेटाबेसमध्ये जाऊन बसायचा. हे एवढं वहीत लिहिता आलं असतं, असं त्याची बायको जिनत पहिल्या दिवशी म्हणाली होती. मकसूदने तिला वही आणि डेटाबेस यांतला फरक पाऊण तास समजावून दिला. तेव्हापासून ती या विषयावर काही म्हणत नाही.

आता घडलं होतं ते असं. डेटाबेसला 'या तीन महिन्यांतली साखर दे' म्हटलं की तो ज्या दिवसांची नोंद आहे तेवढेच दिवस देतो. नोंद नसलेला दिवस तो कोरा दाखवत नाही. तो दिवस त्याच्या मते जगात झालेलाच नसतो. मकसूदला हे माहीत नव्हतं असं नाही. नव्या पोरांना तो हेच शिकवायचा. पण घरच्या कामात माणूस ढिला पडतो.

जिन्यातच शेजारचे तात्याराव भेटले. तात्याराव हे सोसायटीचे सेक्रेटरी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि सल्ला देण्याच्या कामातून निवृत्त व्हायला मुळीच तयार नसलेले गृहस्थ. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"मकसूदराव, एवढंच ना? मोकळ्या जागी 'वरीलप्रमाणे' लिहा."

"अहो, साखर वरीलप्रमाणे कशी असेल?"

"माझी असते. गेली अकरा वर्षं एकशे साठ. एकदा मोजली, पुन्हा कशाला त्रास द्यायचा तिला?"

"खोटा आकडा मी घालणार नाही, तात्या."

"मग ऑपरेशन पुढे जाईल आणि बाई मला जिन्यात 'कोण, वॉचमन का?' असं विचारत राहतील. कालच विचारलं."

घरी अमिनाबी खिडकीशी बसून वर्तमानपत्राचे नुसते मथळे वाचत होत्या. खालचा मजकूर त्यांना वर्षभर दिसत नव्हता. मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना मथळ्यांवर जगायला लागणं हा मोठाच अपमान होता, आणि तो त्या जाहिरातीतल्या चुका काढून भरून काढत. कारण जाहिराती मोठ्या अक्षरात असतात.

मकसूदने सगळं सांगितलं. मधल्या एकोणतीस दिवशी आकडा का नाही, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. त्याच्या डोक्यात सगळा दोष प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा होता. उत्तर देणाऱ्याबद्दल त्याने विचारच केला नाही. अमिनाबींनीही त्याला ते सुचवलं नाही. त्या म्हणाल्या, "तू हजेरीपट चुकीचा आखलास."

"म्हणजे?"

"हजेरीपटावर आधी वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं लिहायची. मग आलेल्यांची हजेरी लावायची. तू काय केलंस, वर्गात जी मुलं दिसली त्यांचीच नावं लिहिलीस. मग न आलेलं मूल सापडणार कुठून?"

मकसूद नव्या पोरांना हे समजावायला चाळीस पानांचं सादरीकरण वापरायचा. आधी सगळ्या तारखांचं एक टेबल करायचं, ते डावीकडे ठेवायचं, साखरेचं टेबल त्याला लेफ्ट जॉइनने जोडायचं. म्हणजे डावीकडची प्रत्येक तारीख येणारच, उजवीकडे जोडीदार मिळो न मिळो.

"हेच तर मी करणार होतो," तो म्हणाला.

"करणार असशीलच," अमिनाबी म्हणाल्या आणि पुन्हा जाहिरातीत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याने ते केलं. एक जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत सगळ्या तारखा ओळीने बसवल्या, साखर जोडली आणि कळ दाबली. ओळी आल्या एकसष्ट.

पुन्हा दाबली. एकसष्ट.

बुधवारीही एकसष्ट, गुरुवारीही एकसष्ट. गुरुवारी तर त्याने तारखांचं टेबल पुन्हा पहिल्यापासून भरलं, फेब्रुवारीचे दिवस बोटांवर मोजले, आणि संगणक बंद करून चालू केला. हा उपाय इतरांनी केला तर तो हसायचा.

शुक्रवारी त्याच्या हाताखालची चैताली हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी घेऊन मागे उभी राहिली. तिला नोकरी लागून सात महिने झाले होते.

"सर, पर्सनल काम?"

"एक अवघड केस आहे. तुला नाही कळायचं."

चैतालीने वेफर चावला. "सर, तुम्ही नावाची अट व्हेअरमध्ये टाकलीय."

ते खरं होतं. त्या डेटाबेसमध्ये अमिनाबींबरोबर तात्यारावांचीही अकरा वर्षांची एकुलती एक साखर नोंदवलेली होती, म्हणून 'फक्त अमिनाबी' अशी अट घालावी लागली होती. ती अट मकसूदने व्हेअरमध्ये, म्हणजे सगळ्यात शेवटी, गाळणीसारखी लावली होती. ज्या तारखेला साखरच नाही, त्या तारखेसमोर अमिनाबींचं नाव तरी कुठून असणार? तेव्हा जोडणीने आत आणलेल्या कोऱ्या तारखा ही गाळणी इमानेइतबारे पुन्हा बाहेर फेकत होती.

"अट जॉइनच्या ऑनमध्ये घ्या, म्हणजे जोडतानाच लागेल. होईल." आणखी एक वेफर. "हे तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला. स्लाइड बत्तीस."

चैताली निघून गेली. मकसूदने बराच वेळ पडद्याकडे एखाद्या अवघड केसकडे बघावं तसं बघितलं, ती लांब गेल्याची खात्री केली, आणि अट हलवली.

रविवारी सकाळी त्याने घरी शेवटचा हात फिरवला. कोऱ्या जागा मोकळ्या दिसू नयेत म्हणून तिथे शून्य भरलं. दुकानांच्या तक्त्यात तो नेहमी असंच करायचा; विक्री झाली नाही तर विक्री शून्य. बोटांना सवय होती. आणि शेवटची तारीख घालायला तो विसरला, त्यामुळे तक्ता आजच्या दिवशी न थांबता सरळ एकतीस डिसेंबरपर्यंत गेला. पुढचे सगळे दिवस अर्थातच शून्य.

एवढ्यानेही काही बिघडलं नसतं. पण वर्षापूर्वी, उत्साहाच्या भरात, त्याने त्या प्रोग्रामला एक शेपूट जोडलं होतं: अम्मीची साखर सत्तरच्या खाली गेली, तर घरच्या ग्रुपवर आपोआप निरोप जावा. साखर कधी तिकडे फिरकलीच नाही, म्हणून तो ते विसरूनही गेला होता.

साडेदहाला त्याने कळ दाबली, 'चालू आहे' अशी अक्षरं आली, आणि मोबाइल चार्जिंगला लावून तो खिमा आणायला गेला. अमिनाबी आणि जिनत सकाळीच मार्केट यार्डात भाजीला गेल्या होत्या.

रविवारची खिम्याची रांग तासाभराची होती. परत आला तो पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. सोसायटीतले सातआठ जण हळू आवाजात बोलत होते आणि त्याला बघून गप्प झाले. तात्याराव सूचनाफलकासमोर पाठमोरे उभे राहून खडूने काहीतरी लिहीत होते. मकसूदने त्यांच्या खांद्यावरून वाचलं: 'आपल्या सोसायटीतील ज्येष्ठ रहिवासी व निवृत्त शिक्षीका श्रीमती अमिनाबी शिकलगार यांचे आज सकाळी दुःखद निधन झाले.'

खिम्याची पिशवी छातीशी धरून तो जवळच्या खुर्चीवर बसला. मार्केट यार्डात, त्याच्या मनात आलं. गर्दीत. आणि मी खिम्याच्या रांगेत उभा होतो.

तेवढ्यात कासिममामा, म्हणजे अमिनाबींचे धाकटे भाऊ, त्याच्या गळ्यात पडले. ते कोंढव्याहून स्कूटरवर आले होते आणि हेल्मेट काढायचं त्यांना भान नव्हतं. हेल्मेट मकसूदच्या कपाळावर आपटलं.

"मामा, कुठे झालं?" मकसूदने कसंबसं विचारलं.

"मला काय विचारतोस? तूच कळवलंस."

"मी?"

"एकशे सोळा वेळा कळवलंस!" मामांनी मोबाइल पुढे केला. "पहिले दहा वाचून मी म्हटलं, आपाला हॉस्पिटलात न्यायला हवं. तुला फोन लावला, जिनतला लावला, कुणी उचलेना. मग खाली खाली वाचत गेलो. तीस नोव्हेंबर, साखर शून्य. एकतीस डिसेंबर, साखर शून्य. तेव्हा समजलो, आणि तात्यारावांना कळवलं."

"काय समजलात?"

"की आता काही आशा नाही."

मकसूदने मोबाइल हातात घेतला. 'सावधान. अमिनाबी शिकलगार. साखर ०.' खाली पुन्हा तेच, पुन्हा तेच. भीती त्याच्या अंगातून हळूहळू उतरली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी चढायला लागलं, ज्याला लाज म्हणतात. तो बोलायला तोंड उघडतो तोच फाटकाशी रिक्षा थांबली आणि त्यातून आधी मेथीच्या जुड्या, मग जिनत, आणि मग अमिनाबी उतरल्या.

वाघोलीहून तेवढ्यात पोचलेली मकसूदची बहीण अफशीन किंचाळली आणि आईला जाऊन बिलगली. तात्याराव खडू हातात तसाच धरून फलकासमोर आडवे होण्याचा प्रयत्न करत होते. पण फलक मोठा होता आणि तात्याराव शिडशिडीत.

"काय लिहिलंय?" अमिनाबी म्हणाल्या. "बाजूला व्हा हो."

अक्षर मोठं होतं. अमिनाबींना ते वीतभर अंतरावरून वाचता आलं. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं. मग तात्यारावांच्या हातून खडू घेतला.

"'शिक्षिका' शब्दात दोन्ही वेलांट्या पहिल्या," त्या म्हणाल्या आणि बोटाने दुसरी पुसून पहिली काढली. "बाकीचं तुम्ही पुसा. मला वर हात पोचत नाही."

तात्यारावांनी रुमालाने फलक पुसला. नंतरचे चार दिवस ते लिफ्टने गेले.

पण आलेली माणसं अशी थोडीच परत जातात? सगळे वर आले. जिनतने खिम्यात बटाटे वाढवले. मकसूद मध्यभागी उभा राहून शून्य आणि 'नोंद नाही' यांतला फरक समजावत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. शेवटी कासिममामांनी कागद ओढून घेतला.

"पण मग या एकोणतीस दिवशी आपाने मोजलं का नाही? आठ आणि नऊ जुलै. काय होतं?"

"सात जुलैला आमच्या फैझलचा साखरपुडा होता," अफशीन म्हणाली. "अम्मीने दोन वाट्या डबल का मीठा..." आणि थांबली.

मग एकेकाला आठवायला लागलं. सोळा आणि सतरा जुलै; पंधराला मामांच्या नातीचं बारसं. अठ्ठावीस ऑगस्ट?

"सत्तावीसला गणेश चतुर्थी होती," जिनत म्हणाली आणि तिने तात्यारावांकडे बघितलं. तेही जेवायला होतेच.

"बाईंनीच मागितले," तात्याराव पुटपुटले. "मी दोनच मोदक दिले होते. तीन त्यांनी उचलले."

एकोणतीसपैकी सव्वीस तारखांचे साक्षीदार त्या खोलीत हजर होते, आणि प्रत्येकाने आपल्या हाताने वाढलं होतं. मकसूद आईकडे वळला. आठवडाभर तो ज्या भोकांवर तारखा चिकटवत होता, ती भोकं डेटाबेसची नव्हती.

"अम्मी, तू मुद्दाम?"

अमिनाबींनी पदर सारखा केला. "डॉक्टर म्हणाले होते, साखर वाढलेली दिसली तर ऑपरेशन पुढे. मला आणखी सहा महिने मथळे वाचायचे नव्हते. पण खोटा आकडा लिहायचा हात माझ्याकडे नाही. म्हणून गोड खाल्लं की पुढचे एक-दोन दिवस मोजलंही नाही, लिहिलंही नाही."

"आणि मला हजेरीपट शिकवलास तेव्हा?"

"तू विचारलंस, मी सांगितलं. शिक्षकाने मुलाला चुकीचं शिकवायचं का, स्वतः सापडू नये म्हणून?"

मकसूदने रात्रीच्या जेवणाआधी तक्त्यातली शून्यं काढली, तिथे 'नोंद नाही' असे दोन शब्द घातले, शेवटची तारीख घातली आणि निरोपाचं शेपूट कापून टाकलं.

सोमवारी खिडकीतून वासंतीबाईंनी कागदावर पेन्सिल टेकवत टेकवत नव्वद ओळी मोजल्या. 'नोंद नाही' काय, का नाही, असलं काही त्यांनी विचारलं नाही. ओळी भरल्या आणि शिक्का बसला. "बघा, जमलं की नाही? आधीच नीट आणायचं," असंही त्या म्हणाल्या. मकसूद "हो मॅडम" म्हणाला.

डॉक्टर गोपाळकृष्ण यांनी मात्र एकसष्ट आकड्यांकडे बघितलंच नाही. त्यांचं बोट थेट 'नोंद नाही'वर फिरायला लागलं, आणि त्यांनी चष्म्यावरून अमिनाबींकडे पाहिलं.

"काय खाल्लं होतं, आजी?"

"कोणत्या तारखेला?" अमिनाबींनी विचारलं.

डॉक्टर हसले. मग त्यांनी रक्ताची एक वेगळी तपासणी लिहून दिली. "ही मागच्या तीन महिन्यांची गोळाबेरीज सांगते. हिला सुट्टीचे दिवस नसतात." ती गोळाबेरीज चांगली नव्हती. ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं, औषध वाढलं. मकसूदला वाटलं होतं की आपण खरा तक्ता दिल्याचा आनंद होईल. तो काही झाला नाही. परतीच्या रिक्षात डोळा पुसताना अमिनाबींनी दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं, ते त्याने पाहिलं.

ते दोन महिने अवघड गेले. सोसायटीतल्या एका लग्नात अमिनाबी पानासमोर बसून कोशिंबीर खात राहिल्या आणि शेजारी तात्याराव, स्वतःची साखर वरीलप्रमाणे असूनही, त्यांच्या सोबतीने जिलेबीला नाही म्हणाले. याबद्दल ते पुढे वर्षभर बोलणार आहेत. सकाळी बोट टोचलं की अमिनाबी आकडा मोठ्याने ओरडून सांगत. एकदा तो एकशे नव्वद आला, तोही तसाच ओरडल्या. "लिही," म्हणाल्या, "बघतोस काय?" आणि मकसूदने लिहिला.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा मकसूद आणि जिनत पलंगाशी उभे होते. अमिनाबींनी डोळा किलकिला केला, मग उघडला. आधी भिंतीवरची सूचना वाचली. तिच्यात चूक सापडली नाही. मग मान वळवून त्या मकसूदकडे बघायला लागल्या, बघतच राहिल्या.

"काय गं अम्मी? दिसतंय ना नीट?"

"दिसतंय," त्या म्हणाल्या. त्यांनी हात वर करून त्याच्या कानशिलावरच्या केसांना बोट लावलं. "हे कधी झालं रे?"

"काय?"

"एवढे पांढरे. मला कुणी सांगितलं नाही."

"एकदम नाही झाले, अम्मी. होत होते थोडे थोडे."

नाक ओढून अमिनाबींनी सुनेकडे मोर्चा वळवला.

"जिनत, घरी गेल्यावर मेंदी भिजत घाल. जास्त घाल." आणि जिनतने त्यांच्या डोक्याकडे बघितलेलं पाहून म्हणाल्या, "माझ्यासाठी नाही गं. या म्हाताऱ्यासाठी."